दोन ओळींचा फळा

आमच्या घरात दिवस रेडिओनं उजाडायचा. अण्णा चुलीच्या एका अंगाला पाटावर बसून सातच्या बातम्या ऐकायचे, दुसऱ्या अंगाला आई भाकरी थापायची, आणि बातम्या देणाऱ्या बाईंचा आवाज थापटण्यात बुडायला लागला की अण्णा नुसता हात वर करायचे. आई थांबायची. महत्त्वाचं सांगून संपलं की हात खाली यायचा आणि भाकरी पुन्हा फिरायला लागायची. बाहेर तोवर आजूबाजूचे माग सुरू झालेले असायचे. सोलापूरच्या पूर्व भागात जो वाढला त्याला त्या खटखटीचं काही वाटत नाही. मला पुढं नोकरीसाठी एका शांत गावात राहावं लागलं, तेव्हा कितीतरी दिवस धड झोप लागत नव्हती. रेडिओ बंद झाला की अण्णा विचारायचे, "मग आज काय काय घ्यायचं?" आणि आई तव्यावरची नजर न काढता सांगायची, "पावसाचं घ्या. त्या मंत्र्याचं ऱ्हाऊ द्या, त्यो काय उद्या बी बोलंल." आता मागं वळून बघते तेव्हा वाटतं, आमच्या चौकातल्या वर्तमानपत्राची खरी संपादक तव्यासमोर बसलेली असायची, फक्त तिला तसं कुणी म्हणत नव्हतं.

वर्तमानपत्र म्हणजे फळा. अण्णा एका सुताच्या दुकानात दिवाणजी होते, पण चौकात त्यांना लोक ओळखायचे ते फळ्यावरचे अण्णा म्हणूनच. चौकातल्या चहाच्या हॉटेलाच्या भिंतीवर आमच्या मंडळानं एक मोठा काळा फळा लावलेला होता. दुकानात जायच्या आधी अण्णा त्याच्यावर ठळक बातम्या लिहायचे. हॉटेलात पेपर यायचा, पण एक पेपर आणि वाचणारे पन्नास, आणि मागावर जायची घाई सगळ्यांनाच. जाता जाता फळा वाचायचा नि कामाला लागायचं, अशी रीत पडलेली. पैसा एक मिळायचा नाही. "घरचं खाऊन लष्कराच्या भाकरी भाजायला निगाले," असं आई रोज म्हणायची आणि रोज स्वतःच ओलं फडकं पिळून माझ्या हातात द्यायची. फळा पुसणं माझ्याकडं. मग दुकानातून आणलेला सुताचा दोरा अण्णा खडूच्या भुकटीत घोळायचे, एक टोक मी धरायचं, दुसरं त्यांनी, आणि ताणून मधे टिचकी मारली की काळ्या फळ्यावर सरळ पांढरी रेघ उठायची. त्या रेघांमध्ये अक्षर बसवायचं. सगळ्या बातम्यांना सारखीच उंची, सारखाच पांढरा खडू. रंगीत खडू फक्त गणपतीत आणि दिवाळीत. भांडणाची बातमी असली तर दोन्ही बाजूंना एक एक ओळ, कमी नाही की जास्त नाही. मी कॉलेजात जायला लागले तरी दोऱ्याचं टोक काही माझ्या हातून सुटलं नव्हतं. मैत्रिणी चिडवायच्या. मला त्याचा थोडा अभिमानच होता, आणि आजही आहे.

आईचं माहेर उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावर. धरणाचं पाणी शेतापर्यंत आलेलं, म्हणून तिथं ऊस, केळी, आणि पाण्यात सोडलेल्या मोटारी. आईला एकच भाऊ, किसनमामा. तो तिच्यापेक्षा लहान, अंगानं सडपातळ आणि आवाजानं मोठा. बाजारसमितीत काही काम निघालं की एसटीनं यायचा, खांद्यावर केळीचा घड आणि पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेले मासे. घरात शिरायच्या आधी चौकातूनच हाक द्यायचा, "आक्का, तवा ठेव गं." मग आईचा चेहरा जो व्हायचा तो मी दुसऱ्या कुणासाठी झालेला पाहिला नाही. कडक भाकरी, शेंगांची चटणी, माशाचं तिखट कालवण, आणि मामा जेवताना अण्णांच्या फळ्याची यथेच्छ टिंगल करायचा. "दाजी, आमच्या गावात बातमी पोचायला फळा लागत न्हाय. पाणवठ्यावर एक बाई बास हाय." अण्णा हसायचे. उन्हाळ्यात परीक्षा झाल्या की मामा आई नि मला न्यायला यायचा आणि मे महिना आम्ही फुगवट्याच्या काठावर काढायचो. आईला आईवडील उरले नव्हते. माहेर म्हणजे तो हाक मारणारा भाऊ, एवढंच होतं.

त्या उन्हाळ्यात शहरात पाण्याचे फार हाल झाले. नळ कधी येईल ते कुणी सांगू शकत नव्हतं. पाणी आलं की गल्लीभर हाका, बायका घागरी घेऊन धावणार, आई त्यांच्यात. भांडणंही त्यातच. रंगाईचे कारखाने थंडावले. आमच्या शेजारी अंबादासकाका राहायचे. त्यांच्या घरात चार माग होते आणि ते मंडळाचे अध्यक्षही होते. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि दोन्हीत बोलणं फटकळ. त्यांचे माग रंगवलेल्या सुतावाचून उभे होते. काका हॉटेलात बसून नुसता चहा प्यायचे आणि धरणावर चिडायचे. आणि एका सकाळी रेडिओवर बातमी आली. अण्णांचा हात वर गेला, आई थांबली, आणि तिची भाकरी त्या दिवशी करपली.

फळ्यावर अण्णांनी लिहिलं: "सोलापूरसाठी धरणातून पाणी सोडले, लवकरच शहरात पोहोचणार." त्याखाली: "काठच्या गावांचा विरोध, पाणी मागे हटल्याने मोटारी उघड्या, केळी-ऊस धोक्यात." दोऱ्याचं टोक माझ्याच बोटांत होतं. दोन्ही रेघा मीच मारल्या. अक्षर सारखं, खडू एकच. मी हे इतकं बजावून सांगते, कारण पुढं जे झालं ते ऐकून माझा माझ्याच डोळ्यांवरचा विश्वास उडायची वेळ आली होती.

पहिले अंबादासकाका आले. चहाचा कप हातात धरून त्यांनी फळा वाचला आणि म्हणाले, "काय ओ अण्णा, हे काय करून ठेवलं? आपलं पाणी आलं म्हणून लोकं खूश होतील तर खाली विरोध काय लिहिता? आपल्या पोरांनी प्यायचं नाही का?"

"विरोध झालाय, अंबादास. रेडिओवर होतं."

"रेडिओवर शंभर गोष्टी असतात की. ही बरोबर तुम्हालाच सापडली. सासुरवाडी कुठली तुमची, ते सगळ्या चौकाला माहीत आहे." मागावर निघालेले दोघंतिघं हसले. एकानं 'धरणाचे जावई' अशी पदवी देऊन टाकली आणि ती चिकटलीच. अण्णा हात झटकून दुकानात गेले.

आणि त्याच दिवशी दुपारी मामा आला. चौकातून हाक आली नाही. मी कॉलेजातून येत होते, तर मामा फळ्यासमोर उभा, खांद्यावर घड तसाच. मी जवळ गेले तर माझ्याकडं न बघता म्हणाला, "तुज्या बापानं लिवलंय न्हवं हे?"

"हो मामा. दोन्ही बाजू लिहिल्यात की."

"दोनी? वर मोट्या अक्षरात शेरात पानी आलं, आन आमचं खाली बारीक. आमी मेलो तरी खालीच." त्यानं घड हॉटेलाच्या बाकावर टेकवला. "आक्काला दे. मला गाडी गाठायची हाय." मी विनवलं, हात धरला. घर तिथून दिसत होतं. दारात आई उभी होती, तिला तो दिसतही होता. तो गेला.

घरी आईनं कालवणाचा मसाला वाटून ठेवला होता. तिला कसं कळायचं कुणास ठाऊक, पण भाऊ येणार असला की तिला कळायचं. तिनं पाट्यावरचा तो गोळा वाटीत काढला, वर झाकण ठेवलं आणि मला म्हणाली, "मोट्या अक्षरात लिवलं व्हतं का गं खरंच?" मी तिला हाताला धरून फळ्यापाशी नेलं आणि दाखवलं. आईला फारसं वाचायला येत नव्हतं, पण उंची कळायची. ती बोटाच्या पेरानं दोन्ही ओळी मोजत राहिली. "सारकीच हायती," ती म्हणाली. मग फळ्यावरचं बोट काढून, "पर त्याला सारकी दिसली न्हाईत, तर मी काय करू?"

पुढं आठवड्याभरात तर कहरच झाला. अंबादासकाका कुणालाही छातीठोकपणे सांगायचे की अण्णांनी विरोधाची ओळ रंगीत खडूनं लिहिली होती. लाल, असंही म्हणायचे. आणि मामाचा निरोप गावाकडून येणाऱ्या एका माणसाच्या तोंडी आला, त्यात तर गावांचं फळ्यावर नावच नव्हतं. दोघंही खोटं बोलत नव्हते. हे मला तेव्हा पटत नव्हतं, आता पटतं. जे लागलं तेच त्यांना आठवत होतं. मध्यंतरी मला एका भाच्यानं टीव्हीवरच्या चर्चेचा एक तुकडा मोबाईलवर पाठवला आणि खाली लिहिलं, बघा, कसे विकले गेलेत. तासाभरात शेजारच्या बाईंकडून तोच तुकडा आला, तीच चर्चा, आणि त्यांचीही तीच तक्रार, फक्त खरेदीदार दुसरा. मला एकटीला हसू आलं. चूल, फळा आणि ओलं फडकं एकदम आठवलं.

मे महिना लागला. सोडलेलं पाणी शहरात आलं, पण नळ काही आठवड्यातून एकदाच्या वर येईना. मामा न्यायला आला नाही. आई तोंडानं काही बोलायची नाही, पण रोज दुपारी एसटीच्या वेळेला दारात बसून लसूण सोलायची, आणि लसूण तरी किती लागतो माणसाला. एक दिवस जेवताना तिनं अण्णांपुढं ताट ठेवलं आणि म्हणाली, "एक वळ लिवा माज्या भावासाटी. नुसती त्याची. त्याच्या केळी जळाल्या म्हनून."

अण्णांचा घास हातातच राहिला. "एकाच बाजूचं मी कधी लिहिलेलं नाही. आज तुझ्यासाठी लिहिलं तर उद्या अंबादास म्हणतो तेच खरं ठरेल."

"मी बी नळावर हुबी ऱ्हाते. मला बी पानी लागतंय. आन तितं माजा भाऊ हाय. तुमच्या दोन वळीत मी कुटं हाय, तेवडं सांगा." आई आत गेली. तेवढ्या वयात आईबापांचं भांडण मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला दोघांचंही खरं वाटत होतं, हेच मला सोसवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी फळा लिहिला, दुकानातून सुट्टी घेतली आणि मला म्हणाले, "चल." आम्ही एसटी स्टँडवर गेलो. गाडीत बसल्यावर मला कळलं की आम्ही मामाच्या गावाला चाललोय. आमच्याकडं जावई बोलावल्याशिवाय सासुरवाडीला जात नाही. त्यातून अण्णा मानाचे पक्के. लग्नापासून एकदाही आमंत्रणाशिवाय तिकडं गेले नव्हते. त्या दिवशी ते न बोलावता, हातात फळं की मिठाई काही न घेता, धोतराचा सोगा सांभाळत मामाच्या बांधावर जाऊन उभे राहिले.

मामानं आम्हाला बघितलं आणि हातातली कुदळ खाली ठेवली. पाणी आलं नाही की चहा आला नाही. तो नुसता म्हणाला, "चला, दाखवतो." पाणी लांब मागं सरकलं होतं. जिथं मी पोरवयात पाय बुडवून बसायचे तिथं चिखल भेगाळलेला, आणि मोटर कोरड्यावर आडवी पडलेली. पाण्यापर्यंत पोचायला त्यानं चारी खणायला घेतली होती. केळीची पानं फाटून लोंबत होती. "हे फळ्यावर दिसतंय का, दाजी?"

"नाही दिसत," अण्णा म्हणाले. "म्हणून तर आलो. किसनराव, तुमची तक्रार आहे की मी शहराच्या बाजूनं लिहितो. अंबादासची तक्रार आहे की तुमच्या. उद्या फळा तुम्ही दोघं लिहा."

"लिवतो की. भितो का काय."

"पण शहराची ओळ तुम्ही लिहायची. तुमची तो लिहील."

मामानं अण्णांकडं नीट निरखून बघितलं. मग त्याला त्यातली गंमत कळली असावी, कारण मिशीखाली जरासं हलल्यासारखं दिसलं. "आक्का कशी हाय?" त्यानं विचारलं. अण्णा म्हणाले, "लसूण सोलतेय." परतीच्या गाडीनं तो आमच्याबरोबर निघाला.

दुसऱ्या दिवशीची सकाळ मी जन्मात विसरणार नाही. नळ आला होता. मामाला आईनं तिकडंच नेलं, "शेराची वळ लिवायची तर बघ आदी." तो घागरींच्या रांगेत उभा राहिला, दोन बायकांनी त्याला दरडावलं, एकीनं तर घागर त्याच्या पायावर ठेवली. अंबादासकाकांना अण्णांनी काल पाहिलेलं सगळं सांगितलं, चिखल, मोटर, चारी. काका म्हणाले, "तुम्ही सांगता म्हणून लिहितो. माझं मत काही बदललेलं नाही."

"माजं बी न्हाय," मामा म्हणाला. तेवढ्यावर मात्र दोघांचं एकमत झालं.

दोऱ्याचं एक टोक मी धरलं, दुसरं अण्णांनी. मामानं दात आवळून लिहिलं: "शहरात नळाला आठवड्यातून एकदाच पाणी, लेकराबाळांचे हाल." अक्षर रेघ सोडून पळत होतं. काकांनी खाली लिहिलं: "काठच्या शेतकऱ्यांच्या मोटारी कोरड्या, केळीबागा वाळल्या." मग दोघं हात झाडत बाकावर बसले आणि आपलं लिखाण लोक कसं वाचतात ते बघायला लागले. दोघांनाही वाटत होतं की आता शाबासकी येणार.

पहिला मागवाला आला, काकांच्याच मागावरचा. फळा वाचून, खडूनं पांढरे झालेले काकांचे हात बघून म्हणाला, "मालक, तुम्ही लिहिलं? आपले माग बंद, नि तुम्ही केळीचं लिहिता? निवडणुकीला उभं ऱ्हायचंय का तिकडनं?" काका उठायलाच लागले. "अरे, वरची ओळ वाच की. ती आपलीच आहे." तो मागं न बघता निघून गेला. थोड्या वेळानं मामाच्याच शिवेपलीकडचा एक शेतकरी बाजारसमितीकडं जाताना चहाला थांबला. मामा मोठ्या हौसेनं त्याला फळ्यावरचं आपलं अक्षर दाखवायला गेला. त्यानं पहिली ओळ वाचली, मामाकडं बघितलं आणि म्हणाला, "किसनराव, भनीच्या घरचं खाल्लं की मानूस भनीच्या गावचं बोलतंय, न्हवं का?"

"आरं, खाली वाच की. दुसरी वळ."

"वाचली. तुमची न्हवं ती." आणि तो चहा अर्धा टाकून गेला.

मामा आणि काका बाकावर शेजारी शेजारी बसून राहिले. दोघांचेही चेहरे सारखेच उतरलेले. काका म्हणाले, "लोकांना वाचताच येत नाही ओ." मामा म्हणाला, "येतंय. पायजे तेवडंच येतंय." अण्णा समोर उभे होते. त्यांना तोंड उघडायची उत्तम संधी होती, आणि त्यांनी नुसते तीन चहा सांगितले. मला वाटतं, त्यांच्या सगळ्या आयुष्यातलं ते सर्वांत चांगलं संपादकीय होतं. त्या दुपारी काका आमच्याकडं जेवायला होते. मामानं आदल्या दिवशी घाईतही सुके मासे आणले होते. दोघं जेवताना पुन्हा धरणावरून भांडले, पार ताटं सुकेपर्यंत, पण भांडण फळ्याशी नव्हतं, एकमेकांशी होतं, आणि आई मधे बसून दोघांनाही वाढत होती. संध्याकाळच्या गाडीनं मामा आईला आणि मला घेऊन गेला. मे संपत आला होता तरी गेलो. पाणी लांबच होतं. आई चिखल तुडवत तिथपर्यंत गेली आणि पाय बुडवून आली.

त्यानंतर कोणाची बाजू कोणाला पटली असं काही झालं नाही. पाण्याचं भांडण दर उन्हाळ्याला यायचं आणि अजून येतं. फक्त फळ्याबद्दल काही बोलायचं झालं तर काका आधी म्हणायचे, "मला दाखवू नका, मी लिहून बघितलंय." मला पुढं कितीतरी पेपर, कितीतरी वाहिन्या बघायला मिळाल्या. कुठली बातमी लागली, खटकली, की मी आधी स्वतःलाच विचारते की हिची दुसरी ओळ मी वाचली का. दर वेळी जमतं असं नाही. पण विचारते, आणि हे विचारायची सवय मला शाळा-कॉलेजनं लावली नाही, त्या बाकावरच्या दोन उतरलेल्या चेहऱ्यांनी लावली. त्या दोघांची मी ऋणी आहे. आणि न बोलावता सासुरवाडीला गेलेल्या त्या मानी माणसाची तर आहेच.

अण्णा गेले तेव्हा मामा पहिल्या गाडीनं आला. आम्ही सगळे घरात, कुणाला कशाचंच भान नव्हतं. सगळं आटोपून माणसं पांगल्यावर मी आईला घेऊन चौकात गेले, तिला जरा मोकळी हवा मिळावी म्हणून. फळा लिहिलेला होता. रेघा वाकड्या होत्या. एक टोक मामानं धरलं असणार, एक काकांनी, आणि दोघांचेही हात आता थरथरत असत. पांढऱ्या खडूनं, सारख्या उंचीच्या दोन ओळी होत्या. पहिली काकांच्या अक्षरात: "फळ्यावरचे अण्णा गेले." दुसरी मामाच्या: "त्यांनी कुणाचीच बाजू घेतली नाही."

आई मला वाच म्हणाली. मी वाचून दाखवलं. तिनं दुसऱ्या ओळीपाशी बोट नेलं, मग पदरानं डोळे पुसले.

"खोटं लिवलंय किसननं," ती म्हणाली. "माजी घेतली व्हती की."